निळ्या खडूने तपासलेली वाक्यं

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

पत्र पोचलं. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत नापास झालीस, आणि तिकडच्या फ्रेंच इस्पितळाने नर्सची जागा मेच्या परीक्षेपर्यंतच राखून ठेवली आहे, हे समजलं. मग मेमध्ये पास हो, झालं. तू रडलीस तेवढ्या वेळात माझा एक कोट बेतून होतो.

प्ल्यूस-क-पार्फे आला की डोकं चालत नाही म्हणतेस. अगं, भूतकाळाच्याही आधीचा काळ तो. 'गाडी गेली होती' हे तू बोबडं बोलत होतीस तेव्हापासून म्हणतेस. फ्रेंच लोकांनी त्या 'होती'साठी अव्वार आणि एत्र असे दोन शब्द, दोन डबे केले आहेत, एवढंच. बहुतेक क्रियापदं अव्वारच्या डब्यात. येणं, जाणं, जन्मणं, मरणं अशी थोडी एत्रच्या डब्यात. दुकानात मी बटणं आणि हुक वेगळे ठेवते, तसंच. सवयीने हात बरोबर जातो.

तुझे काका रद्दीतून फ्रेंच शिवणमासिकं घेऊन आले, तेव्हा कॉलरीचे नमुने कळावेत म्हणून आम्ही दोघं शब्दकोश मांडीवर घेऊन ही भाषा शिकलो. दोन शिंप्यांना जमलं, तर तुला न जमायला काय झालं? दर आठवड्याला पाच वाक्यं पाठव. कापडावरच्या निळ्या खडूने तपासून परत करीन.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझी मावशी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पाच वाक्यं सोबत आहेत. मी सफरचंद खाल्लं होतं, मांजर झोपलं होतं, वगैरे.

आमच्या वर्गाच्या बाईंना तू मागे पाठवलेलं फ्रेंच लेखन दाखवलं. चोख आहे म्हणाल्या. मग तू फोनवर वाचून दाखवतेस तसं मी वाचलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. फ्रेंच लोक निम्मी अक्षरं लिहून गिळून टाकतात गं. तू नुसती वाचून शिकलीस, त्यामुळे एकही वाया जाऊ देत नाहीस.

खरं सांगू? तक्ते मला पाढ्यांसारखे येतात. परीक्षेतही येत होते. परीक्षक बाईंनी तुझ्या आयुष्यातला एखादा दिवस सांग म्हटलं, आणि माझ्यापुढे एकच दिवस उभा राहिला. तो सांगवेना, दुसरा आठवेना. शेवटपर्यंत गप्प बसले. मेमध्येही तेच होईल अशी भीती वाटते.

रात्री जागून शिवू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी खारूताई


२४ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

माझे उच्चार माझ्यापाशी. पुस्तकांनी अजून तक्रार केलेली नाही.

तुझी वाक्यं बिनचूक आहेत आणि त्यांत जीव नाही. मांजर झोपलं होतं. बरं, मग? कोणाचं मांजर?

तो दिवस कुठला, ते मला कळलं. मला घरी पाठवून तू इस्पितळात काकांजवळ बसली होतीस, तो. मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. मी परत पोचले तेव्हा ते गेले होते, एवढंच मला माहीत आहे. त्याआधी काय काय झालं होतं, ते तू लिही. फ्रेंचमध्ये लिही. परक्या भाषेत माणसाला भीड जरा कमी वाटते.

घाई नाही. पण टाळू नकोस. वाट बघते आहे.

तुझी मावशी


१७ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोबतचा कागद बघ. बऱ्याचदा लिहिला, फाडला. मराठीत मला हे लिहिताच आलं नसतं.

वाचून रागावलीस तर तसं कळव, चार शब्द ऐकव. पण अबोला धरू नकोस.

तुझीच,
खारूताई


२५ मार्च

चि. खारूताईस अ. उ. आ.

कागद तपासला.

पहिलं वाक्य: दुपारचं ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. 'येणं' एत्रच्या डब्यातलं, बरोबर उचललंस. दुसरं: इस्पितळाच्या सदऱ्याची बाही उलटी बसवली आहे, शिंप्याला घरी पाठवा, असं ते परिचारिकेला म्हणाले होते. हेही बरोबर. ते असंच म्हणाले असणार. तिसरं: मला बोलवायला तू फोन हातात घेतला होतास, आणि त्यांनी तो खाली ठेवायला लावला होता. दोन्हीकडे अव्वार, ठीक. चौथं: तिला उठवू नकोस, कितीतरी रात्री ती झोपलेली नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. ठीक.

पाचवं: मग ते गेले होते. इथे तू अव्वार घातलंस. 'जाणं' एत्रचं. खूण केली आहे.

सगळ्या कागदात एकच चूक. परीक्षेत हाच दिवस सांग, दुसरा शोधू नकोस. तू पास होणार, ह्यात मला शंका नाही.

तुझी मावशी


३० मे

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पास झाले. इस्पितळाला कळवलं, पुढच्या महिन्यात निघायचं आहे.

बाहीच्या वाक्याला परीक्षक बाई हसल्या. फोनच्या वाक्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. मी थांबले नाही. एत्रही चुकलं नाही.

पण मावशी, तुझ्या पत्रात नुसत्या खुणा होत्या. मी तुला फोन केला नाही, ह्याचं तुला काय वाटलं, हे तू लिहिलंच नाहीस. जाण्याआधी तेवढं कळलं, तर इथून पाय निघेल.

मायेला पारखी करू नकोस.

तुझी खारूताई


५ जून

चि. खारूताईस अ. उ. आ.

पास होणार हे मला ठाऊकच होतं. तरी पत्र दोनदा वाचलं.

रागावले नाही गं. जन्मभर ह्यांनी भल्या पहाटे मशीन घरघरवून माझी झोप मोडली. शेवटी एकदा झोपू दिलं. तू त्यांचं ऐकलंस, ते बरं केलंस. मी आले असते तर ते माझ्यासाठी उसनं अवसान आणून बसून राहिले असते.

मी काही लिहिलं नाही, त्याचं कारण सांगते. फ्रेंचमध्ये मी फक्त चुका शोधत बसले. बाकीचं आत जाऊच दिलं नाही.

म्हणून निघण्याआधी एक दिवस ये. दुकान बंद ठेवीन. तो सगळा दिवस मला मराठीत सांग, पहिल्यापासून. मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
मावशी