दिवस पालटल्यावरची फेरमोजणी

प्रिय काकू,

तुझी फेरमोजणीची याचिका तुझ्याबरोबर संपली नाही. तुझ्या जागी गावचा मतदार म्हणून माझं नाव लावायला कोर्टानं परवानगी दिली, असं वकीलसाहेबांनी आज दुपारी फोनवर सांगितलं. हे आधी तुला कळावं, म्हणून लिहायला बसलो.

हल्ली डोळा लागता लागता तू दिसतेस. चौसाळ्याच्या अलीकडचा आपला माळ, उन्हं कललेली. मेंढरं वाडग्याच्या कुंपणात शिरतायत आणि तू काठी आडवी धरून ओठांतल्या ओठांत मोजतेयस. धुळीत त्यांचे पाय दिसत नाहीत, नुसती लोकर तरंगत जाते. मी विचारतो, किती झाली? तू बोलत नाहीस.

तहसीलमध्येही अशीच गप्प राहिलीस ना? सरपंचपदाला अगदी थोडक्या मतांनी मागे पडलीस. निकाल जाहीर करण्याआधी अधिकारी म्हणाले, "फेरमोजणी पाहिजे तर आत्ताच लेखी द्या." सगळे तुझ्याकडे बघत होते. तू पदर सावरून बाहेर आलीस.

"काकू, कावून नाही मागितलीस?"

"एका दिसात कळप दोनदा मोजीत न्हाईत. दोनदा मोजला की एक कमी होतंय. उद्या येऊ की."

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून आपण गेलो, तर फेरमोजणी मागायची वेळ कालच सरलेली. वकीलसाहेब हसले. "मावशी, कायद्याला कळप नसतो."

"मंग कायद्यानं दोन दिस मेंढरं राखावीत."

याचिका त्यांनी मुदतीत दाखल केली. सही करताना तू म्हणालीस, "मला खुर्ची नको. पर हापशावर बाया इचारत्यात, आमचं मत गेलं कुटं? त्यास्नी काय सांगू?"

त्या आता मला विचारतात, काकू. सगळ्यांना उद्याचं सांगणारी तू, मग स्वतःलाच जायची एवढी घाई का झाली?

पुढच्या तारखेला समोरचे वकील म्हणणार, फेरमोजणी वेळेत मागितली नाही म्हणजे निकाल मान्य होता. आधी त्यावरच निर्णय होईल, मोजणीचं नंतर. त्या निर्णयाआधी माझी साक्ष आहे. तू गप्प का राहिलीस, ते मी सांगीन. कोर्टात हसतील कदाचित. त्यांचं हसू थांबेपर्यंत उभा राहीन आणि पुन्हा सांगीन.

तुझा पुतण्या,
दत्ता