वाळ्याचं पाणी प्यालेली गाडी

जालना, वैशाखातली कुठलीशी दुपार
(कॅलेंडरवर अजून चैत्रच आहे, पान उलटायचं काम प्रियदर्शनीकडे होतं)

ती. रामकिसनमामांना,

जावई सोमेश्वरचा नमस्कार. तुम्ही खाटेवर असाल तर खाटेशी वाकून केला असं समजा, अंगणात असाल तर अंगणात येऊन केला असं समजा. मोतीबिंदू काढल्यावर डोळा आता कसा आहे? थेंब वेळेवर पडतात ना? डॉक्टर हो म्हणेपर्यंत पेपर हातात धरू नका, बाजारभाव कुणाकडून तरी ऐकून घ्या. मामींचे गुडघे काय म्हणतात? म्हैस व्याली का? इकडे मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे सकाळी पोहे करतो, दुपारी तेच खातो आणि संध्याकाळी उरलेल्यांकडे बघत बसतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. माझा फोन आला की तुमचा मोबाईल कुणीतरी उशीखाली ठेवतं, असा माझा अंदाज आहे. शिवाय विषय शांतपणे सांगण्याजोगा आहे. गाडीच्या इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, त्यात कूलंट कोणतं घालावं आणि किती घालावं, याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. तुम्ही म्हणाल, मला गाडीतलं काय कळतं? पण फवारणीच्या पंपात औषध किती अन् पाणी किती, हे तुमच्याइतकं अचूक आख्ख्या धावडा गावात कुणी सांगत नाही. मिश्रण ते मिश्रणच.

झालं असं की उन्हाळा लागायच्या आत कूलंट आणायला मी दुकानात गेलो. दुकानदारानं फळीवर हिरवी, गुलाबी आणि निळी अशा बाटल्या मांडल्या आणि विचारलं, "कोणतं देऊ?" उन्हाची तिरीप त्या बाटल्यांतून येत होती आणि काउंटरवर तीन रंगांचे डाग हलत होते. मी हात पुढे केला तर हात गुलाबी झाला. तेवढ्यात मला तुमच्या दारातला मांडव आठवला. प्रियदर्शनीचा शालू हुबेहूब त्या रंगाचा होता, आणि अक्षता पडत असताना तो माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरल्यासारखा वाटत होता. (हे तिला सांगू नका. एवढ्या वर्षांत तिला सांगितलेलं नाही, आता एकदम कळलं तर उगाच भलतंच वाटेल.) दुकानदारानं दोनदा खाकरून दाखवलं तेव्हा मी गुलाबी बाटली घेतली. कूलंट रंगावरून घ्यायचं नसतं, गाडीला कोणत्या जातीचं चालतं ते बघून घ्यायचं असतं, हे मला नंतर कळलं. सगळ्यांना आधी कळतं.

घरी येऊन रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत आधीचं हिरवं होतंच. म्हटलं, हिरव्याला गुलाबी काठ, काय वाईट दिसेल? बाटलीवर निम्मं पाणी मिसळा असं छापलं होतं, पण ते मनाला पटेना. घरच्या माणसाला आपण पाणचट ताक देतो का? मी बाटली तशीच्या तशी ओतली. काठबिठ काही दिसला नाही. दोन्ही मिळून आमसुलाच्या साराचा रंग आला आणि पुढे त्याचा गाळ धरला, तो नळ्यांमधून सरकेना. तरीही मी त्याच गाडीनं प्रियदर्शनीला आणायला तुमच्याकडे आलो. तुमच्या ऑपरेशनसाठी ती तिथे राहिली होती आणि माझे पोहे नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे मला घाई होती. येताना गाडी कशी आली ते मी तुम्हाला सांगितलं नाही. (हेही तिला सांगू नका.)

परत निघालो तेव्हा भोकरदन सोडल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. मला तो दिसत होता. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंची नांगरलेली काळी रानं अशी पडली होती, वर एकच घार अशी फिरत होती, आणि शेजारी प्रियदर्शनी बऱ्याच दिवसांनी बसली होती, की काट्याकडे बघावंसं वाटेना. तिनंच सांगितलं, "अहो, धूर निघून राह्यला." एका वस्तीसमोर गाडी उभी केली. लिंबाच्या सावलीतून एक बाई लगबगीनं आल्या. नाव नंदाबाई. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं, गूळ आणि माठातलं पाणी दिलं. पाण्यात वाळा होता. मामा, तो घोट घशाखाली उतरला आणि मी कुठल्या कुठे गेलो. लहानपणी कुंभार पिंपळगावच्या बाजारातून परत येताना आजी असंच पाणी पाजायची, तिथपर्यंत गेलो. मी तिकडे असताना इकडे काय चाललं होतं ते मला नीटसं माहीत नाही. मी डोळे उघडले तेव्हा गाडी निवली होती, झाकण उघडं होतं आणि नंदाबाई तांब्या घेऊन वाकल्या होत्या.

"आमच्या दारातून उन्हाचं कोणी गूळ-पान्याबिगर गेलं न्हाई, दादा. ही तर किती धापून राह्यली, बघा की."

गाडीला गुळाचा खडा चावता येणार नाही म्हणून त्यांनी तो तांब्यात विरघळवला होता. एक झाला, दोन झाले, गाडीनं नाही म्हटलं नाही. प्रियदर्शनी माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी म्हटलं, "किती छान वास येतोय." (खरंच येत होता.)

तिथून निघालो तर आधी आख्ख्या गाडीत वाळा दरवळला. मग गूळ तापला आणि गुऱ्हाळाशेजारून जाताना येतो तसा काकवीचा वास सुटला. मला इतकं सुख झालं की मी बोलून गेलो, "असं वाटतं, हा रस्ता संपूच नये." गाडीनं ते मनावर घेतलं. राजूरच्या अलीकडे ती अशी थांबली की पुन्हा हललीच नाही. ऊन डोक्यावर, सावलीला एक बाभूळ, तीही रस्त्याच्या पलीकडे. पदर डोक्यावर घेऊन प्रियदर्शनीनं हात दाखवला आणि एस.टी. थांबवली. तिथून जालना जवळ, धावडा लांब, पण ती धावड्याकडच्या गाडीत चढली, तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. पायरीवरून तिनं सांगितलं, "ही गाडी कुठंबी न थांबता धावड्याला येईल तव्हा मला न्यायला या. न्हाई तर तुमी अन् तुमची गाडी बराबर सुखात राहा." एस.टी. गेली. मी बराच वेळ त्या धुळीकडे बघत उभा होतो. धूळ सोनेरी दिसत होती, पण या वेळी ती मला छान वाटली नाही.

गाडी टोचन लावून जालन्याला आणली. गॅरेजवाल्या प्रितमनं नळ्या सोडल्या तेव्हा आतून जे आलं, ते हुंगायला शेजारच्या रसवंतीचा माणूस आला होता. प्रितमनं सगळं धुऊन काढलं आणि मग सल्ले सुरू झाले. ऑफिसातले केशवराव म्हणाले, साधं पाणी बिलकुल बेस्ट, आमच्या वडिलांनी जीप पाण्यावरच चालवली. (त्यांच्या वडिलांकडे जीप नव्हती.) पण आमच्या बोअरच्या पाण्यानं गिझरमध्ये पांढरे थर बसतात, ते या बिचारीच्या पोटात कशाला? प्रितम म्हणाला, नुसतं कूलंटही नको, ते एकट्यानं नीट थंड करत नाही. पाणी एकटं लवकर उकळतं. निम्मं हे, निम्मं ते, आणि पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. मी या गाडीला चालतं ते कूलंट आणलं, रंग बघितलासुद्धा नाही, आणि घरी बसून मोजून मिसळलं. (मोजायला प्रियदर्शनीचं तांदळाचं मापटं घेतलं. कूलंट विषारी असतं म्हणे, म्हणून ते मापटं आता गाडीचं झालं. नवीन आणतो. हे तर तिला मुळीच सांगू नका.)

आता रोज संध्याकाळी मी गाडी गावाबाहेर फिरवून आणतो आणि दारात लावून तसाच आत बसतो. काटा मधोमध असतो. बंद केली की हळूहळू खाली येतो. शेजारची सीट रिकामी असते. घरात गेलं की कुणीच 'आलात का' म्हणत नाही, म्हणून आत जायला नको वाटतं. मामा, मला घर खायला उठलंय. तर निम्मं-निम्मं हे प्रमाण तुम्हाला योग्य वाटतं का, तेवढं कळवावं. मामींना नमस्कार, म्हशीला गोंजारणं.

तुमचा जावई,
सोमेश्वर

ता. क. – मामा, डॉक्टर हो म्हणेपर्यंत तुम्हाला वाचायची मनाई आहे, आणि त्या घरात पत्र मोठ्यानं कोण वाचतं हे मला ठाऊक आहे. तेव्हा प्रियदर्शनी, जिथे जिथे 'तिला सांगू नका' असं आलं, तिथे तू काय केलंस? मोठ्यानं वाचलंस की गिळलंस? शालूचं गिळलं असशील तर परत एकदा मनात वाच. मापट्याचं मोठ्यानं वाचलं असणार.

ता. क. दुसरा – पेन बदललंय, हे भिवाच्या हॉटेलातलं आहे. टपालाचा भरवसा वाटला नाही म्हणून पत्र स्वतःच घेऊन आलो. गाडी तुमच्या चौकात, भिवाच्या हॉटेलासमोर उभी आहे. कुठंही थांबली नाही, राजूरला नाही, नंदाबाईंच्या दारातही नाही. (त्यांनी हात केला होता. मी नुसता हॉर्न वाजवला, ते काही बरं झालं नाही.) काटा मधोमध आहे. चौकापर्यंत गाडी सुखरूप आली, आता चौकापासून तुमच्या दारापर्यंत माझेच पाय उचलत नाहीत, म्हणून पत्र भिवाच्या हाती आत पाठवतोय. वाचून झालं असेल तर बाहेर ये. येताना तांब्याभर पाणी आण.

गाडीला नको. मला.