दोन्ही वाक्या डाव्या

हिंगोली,
दि. ९ मार्च

आदरणीय गया आक्का हिला,

धाकट्या शेषरावचा वाकून जय भीम. (‘वाकून’ हा शब्द सहज लिहिला गेला. मग पुन्हा वाचला, आणि राहू दिला. काहून, ते पुढं कळेल.)

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे समजलं. कसं समजलं म्हणशील, तर पुसेगावच्या गाडीच्या कंडक्टरकडून. नऊ वर्षं झाली, तुझी खुशाली मला त्याच गाडीनं येते. कंडक्टर बदलले की जुना मला नव्याच्या स्वाधीन करून जातो. परवा नवा सांगत होता की आजी हिरवा चष्मा लावून रस्त्यावर उभ्या होत्या आणि मला म्हणाल्या, तुझ्या डायवरला सांग, गाडी हळू घे, माझ्या कोंबड्या हायेत. ऐकून जीव भांड्यात पडला. तू रागावून राहिलीस म्हणजे बरी आहेस. आता हळदीचा हंगाम आहे, तेव्हा हळद शिजवायच्या कायलीच्या धुरात बसून गड्यांवर देखरेख करू नकोस, डोळा कच्चा आहे. (करशीलच.) इकडे आम्ही दोघं बरे. कमलबाईचा गुडघा अधूनमधून बोलतो, माझी साखर गोळीला घाबरून गप्प आहे. ऐश्वर्याचं लग्न वैशाखात ठरलं हेही गाडीनंच कळलं. तुझी नात एवढी मोठी झाली! आणि तू तिला आईची वाकी घालणार, असंही कळलं. एकच वाकी. एका दंडात वाकी आणि दुसरा दंड रिकामा असं लेकरू मांडवात उभं राहणार. त्यावर मी काही बोलणार नाही. (हे पत्र त्यावरच आहे.)

फोन काहून केला नाही म्हणशील, तर केला होता. बुद्धपौर्णिमेला. तू उचललास, ‘राँग नंबर’ म्हणालीस आणि ठेवलास. आवाज तुझाच होता, आक्का. बहात्तराव्या वर्षी राँग नंबर इतकं ठणकावून म्हणता येतं, याचं मला कौतुकच वाटलं. म्हणून पत्र. फोन मधेच कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी तू वाचशील, एवढी ओळख आहे.

तर सांगायचं असं की मी चांदीचे दागिने करायला शिकलो. हसू नकोस. चौतीस वर्षं आगारात गाड्यांचे नटबोल्ट पिळले, रिटायर झाल्यावर हाताला काम नाही, आणि रिकामा हात म्हणजे मोकाट बैल, दुसऱ्याच्या शेतात तोंड घालणारच. मी कमलबाईच्या स्वयंपाकघरात घालत होतो. ती म्हणाली, बाहेर कुठंतरी खुपसा हो तुमची बोटं. त्याच सुमारास कपाट आवरताना आईची वाकी हातात आली. माझ्या वाट्याला आलेली. दोन तारांचा पीळ, मधोमध तो वाक, टोकांना कमळाच्या कळ्या, आणि पन्नास वर्षं दंडाला घासून आतली बाजू तळहातासारखी मऊ झालेली. आईचं नाव सोनाबाई, पण सोनं कधी तिच्या अंगाला लागलं नाही. काय ती चांदीची जोडी. खुरपायला जातानाही काढायची नाही. आणि तीच जोडी आपण दोघांनी मोडली. जळबा मामांनी न्याय केला म्हणायचं. ज्या माणसानं दोन भावांत एक म्हैस वाटून दिली (सकाळचं दूध एकाचं, संध्याकाळचं दुसऱ्याचं, आणि म्हैस महिन्यात आटली), त्याच्यापुढं आपण वाक्या ठेवल्या. एक तुला, एक तुला, झालं बराबर, म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. मामा आता राहिले नाहीत, त्यांची वाटणी राहिली.

वाकी हातात घेऊन मला काय वाटलं ते खरं लिहितो. तुझी आठवण नाही आली. अकड आली. म्हटलं, तिला तिची, मला माझी. माझ्या एकीला जोड मीच करीन, मग कुणाच्या दारात जायला नको. हे वाचून तुला राग येईल, यावाच.

मोबाइलवर एक दाढीवाला गोरा माणूस आहे. तो एक अक्षर न बोलता चांदीचे दागिने करतो. न बोलता शिकवणारा गुरू मला जन्मात पहिल्यांदा भेटला. (तू पाढे शिकवलेस ते बोलून, आणि कान धरून.) त्याच्याकडून समजलं की निव्वळ चांदी कामाची नसते. फार मऊ, दाबली की दबते. शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि साडेसात भाग तांबं घातलं की ती कणखर होते, दागिना आकार धरतो. मी हे कमलबाईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, मॅट्रिकला साडेब्याण्णव पडले असते तर आज मी सायबाची बायको असते. पण ही तांब्याची गोष्ट माझ्या मनात बसली. आपल्या घरात सगळे चांदीसारखे, फक्त तांबं ओतताना कुणाचा तरी हात जरा सैल सुटला.

चांदी कुठून आणली? कमलबाईचे लग्नातले पैंजण. मी मागितले नाहीत, नुसता डबा उघडून बघत बसलो होतो. तिनंच माझ्यापुढं टाकले. माझ्या पायातलं सासूच्या दंडाला चढून राहिलं, म्हणाली, मरता मरता का होईना मी वर गेले.

पहिल्यांदा मी ती घरच्या गॅसवर लोखंडी पळीत ठेवली. तासाभरानं पळी लाल झाली, दांड्याची मूठ वितळली, चांदी जशीच्या तशी. कमलबाई अजून त्या पळीचं सुतक पाळते. मग मोठ्या ज्योतीचा गॅस आणला, चांदी वितळवायची मातीची मूस आणली, मळ निघायला सवागी टाकली, आणि चांदी अशी पाण्यासारखी थरथरली की माझ्या डोळ्यात पाणी आलं. (धुरानं.) पण साचा ओलसर राहिला होता हे मला काय ठाऊक. ओतल्याबरोबर फट्‌ झालं आणि पैंजण घरभर उडाले. एक थेंब कॅलेंडरला भोक पाडून गेला, बराबर चौदा एप्रिलवर. एक माझ्या चपलेत पडला, तो मी दुसऱ्या दिवशी पायानं शोधला. बाकीचे थेंब आम्ही दोघांनी सुपात झाडून, निवडून गोळा केले. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण इतका वेळ एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून आम्ही कधी बसलो नव्हतो.

पुढं ते थेंब पुन्हा वितळवून ओतलेली कांब ठोकायची होती. माझा हात पडला बसच्या हातोड्याच्या सवयीचा. तिसऱ्या घावाला कांब भेगाळली. तेव्हा मी पहिल्यांदा सराफ्यात गोपीचंदकडं गेलो. तो पिढीजात चांदीकाम करणारा, आता नजर कमी झाल्यामुळं नुसती झिलई करून देतो. त्यानं माझी कांब बघितली आणि विचारलं, फिटर साहेब, हे काय, सायलेन्सर हाय का? मग म्हणाला, चांदी ठोकली की रागावते, कडक होते. तिला मधून मधून तापवून मऊ करायचं, निवू द्यायचं, मग पुन्हा ठोकायचं. नुसतं ठोकत राहिलं की तुटते. एवढं बोलून तो चहा ओतायला लागला. मी मात्र तिथंच बसून राहिलो. आक्का, तू मला म्हणायचीस की याला बोलायचं कळत नाही, हा नुसता ठोकतो. सदुसष्टाव्या वर्षी तेच मला चांदीच्या दुकानात ऐकावं लागलं.

मग चौदा महिने गेले. कांब झाली, तार झाली, दोन तारांचा पीळ घातला. (पीळ मात्र पहिल्या फटक्यात जमला. तो आपल्या रक्तात आहे.) कळ्यांनी फार तकलीफ दिली. सांधायच्या धातूला गोपीचंद ‘डाक’ म्हणतो, म्हणजे सोनाराकडंही तुटलेलं जोडायला डाकच लागते. जाळ थोडा कमी पडला की कळी चिकटत नाही, थोडा जास्त झाला की वितळून कमळाचं भजं होतं. अकरा भजी केली. बाराव्या वेळी दोन्ही कळ्या उभ्या राहिल्या. चिंचेच्या कोळात उकळली, रिठ्यानं घासली, आईच्या वाकीशेजारी ठेवली, आणि तुला सांगतो, गाडीचं इंजिन उघडून पुन्हा जोडल्यावर पहिल्या किल्लीला चालू झालं तरी इतका आनंद मला झाला नव्हता. ओळ न् ओळ तीच. पिळाचे वेढेसुद्धा मोजून तेवढेच.

दोन्ही रुमालात बांधून गोपीचंदकडं नेल्या. त्यानं काचेखाली बघितल्या, बोटानं फिरवल्या, एकदा मान डोलावली. मग म्हणाला, काम झकास हाय. पन जोड कुठाय? म्हटलं, ही काय समोर. तो म्हणाला, साहेब, ह्या दोन्ही डाव्या हायेत.

आक्का, तुला ठाऊक होतं का? जोडीतल्या वाक्या एकसारख्या नसतात. डाव्या दंडाच्या वाकीचा पीळ एका अंगाला जातो, उजव्या दंडाच्या वाकीचा दुसऱ्या अंगाला, तेव्हा कुठं घातल्यावर दोन्हीकडच्या कळ्या समोर बघतात. आईची डावी मामांनी मला दिली आणि उजवी तुला. मी चौदा महिने डावी पुढं ठेवून डावीच केली. गोपीचंद म्हणाला, डाव्या पायाचा बूट बघून शिवला तर डावाच बूट होईन ना. उजवी पायजे तर उजवी समोर ठेवा, न्हाई तर आरसा ठेवा. आणि हे कुणाला सांगून राहिला? ज्यानं आगारात शंभर पोरांना शिकवलं की डाव्या चाकाच्या नटाचे आटे उलटे असतात, त्याला! सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात. आपल्या घरातली गंमत अशी की तुझा पीळ एकीकडं, माझा पीळ दुसरीकडं, आणि आपण नऊ वर्षं समजलो की हे भांडण आहे. ती जोडी होती.

आता जे लिहायचं ते लिहितो. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळ्या भावकीदेखत, मी म्हणालो होतो की तू दोन वर्षं आईचं केलंस ते वाक्यांवर डोळा ठेवून. तू उठलीस आणि आईचं अंथरूण उन्हात घालायला गेलीस. आई गेल्यावर सुद्धा ते अंथरूण उन्हात घालायची तुझी सवय सुटली नव्हती, आणि मी तुला ते म्हणालो. ती दोन वर्षं मी महिन्याकाठी एकदा यायचो, केळी आणायचो, आईची नाडी बघितल्यासारखं करायचो आणि परतीची गाडी पकडायचो. माझ्या एका वाक्यानं दोन वाक्या वेगळ्या केल्या. हे वाक्य खोटं होतं आणि ते खोटं आहे हे बोलतानाच मला माहीत होतं. चूक झाली, आक्का. ही मी कुणाला बघून शिकलो नाही, माझी मीच केली.

राहता राहिली अडचण. गोपीचंदनं दोन्ही वाक्या एकाच पाण्यात उकळून एकदम झिलई करून दिल्या. त्या आता इतक्या सारख्या झाल्यात की आईची कोणती आणि माझी कोणती, मला ओळखू येईना. कसोटीवर घासून तो सांगेल, पण आईच्या वाकीला कसाला लावायचं मला बरं वाटत नाही. ऐश्वर्याच्या दंडात आजी-पणजीची खरी जोडी पाहिजे, माझं सायलेन्सर नको. तेव्हा तू तुझी उजवी घेऊन एकदा हिंगोलीला ये. तिन्ही शेजारी ठेवू. तू आईच्या अंगावरून त्या काढायचीस, पुसायचीस, घालायचीस. तुझ्या हाताला कळेल. जी तू उचलशील ती तुझी, आणि उरेल ती माझ्या वर्षभराच्या शहाणपणाची.

घरात सर्वांना जय भीम, कोंबड्यांना सांभाळून.

तुझा,
शेषराव

ता. क. सकाळच्या गाडीला डाव्या बाजूची खिडकी धरून ठेव म्हणून कंडक्टरला सांगून ठेवलंय, त्या बाजूला ऊन लागत नाही. तारीख कळवायची गरज नाही. तसाही मी रोज स्टँडवर असतो.

ता. क. दुसरा. हे लग्नाच्या बोलावण्यासाठी लिहिलं असा अर्थ काढू नकोस. पत्रिका छापून झाली असेल, नाव नसलं तरी चालेल. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसू. कमलबाईला मात्र गुडघ्यामुळं पुढची लागते.

ता. क. तिसरा, कमलच्या हातचा. आक्का, जय भीम. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं हाय, पळी बी खरी हाय. पन वळखू येत न्हाई हे साफ खोटं. सासूबाईची वाकी आतून गुळगुळीत हाय, आंधळ्यानं हात फिरवला तरी कळन. ह्यांनी उशीखाली ठेवली ती सासूबाईची, अन् खिळ्याला टांगली ती ह्यांची. तुमी या. पन आल्या आल्या वळखू नका. चार-सहा दिस लागू द्या.