भानुमतीचे टक्कल आणि तिचा सांभाळ

मी, सुधन्वा उल्हास चौबळ, वय चोवीस, शिक्षण अकरावीपर्यंत, राहणार द्वारका, नवी दिल्ली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी परत येईनच, असे डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही. उलट माझ्याकडूनच लिहून घेतले आहे.

१. बँकेतली शिल्लक आई, सौ. कुमुद, हिला. मोबाइल दुरुस्तीची हत्यारे माझा मित्र अमोल याला. तो करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देतो. नाही पास झाला तर उपयोगी पडतील. हे वाक्य त्याला वाचून दाखवू नये.

२. भानुमती ही माझी टॅरंटुला, म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. मादी, वय अकरा. तिच्या पाठीमागे, पोटाच्या फुगवट्यावर टक्कल पडले आहे. बाबा म्हणतात, "म्हातारी झाली यार ती. सोसायटीच्या बागेत सोड, चलो, विषय संपला." ती म्हातारी नाही. मादी वीस वर्षेही जगते. घाबरली की ती मागच्या पायांनी स्वतःचे केस उडवते, आणि माझा चुलतभाऊ अनुरागदादा व्हिडिओसाठी महिनाभर तिच्या काचेच्या पेटीवर किल्ली वाजवत होता. त्याला माझी कोणतीही वस्तू, हेडफोनसुद्धा, मिळू नये.

३. टकलाला तेल लावू नये. गेल्या महिन्यात आईने कापसाने खोबरेल लावले. मी ओरडलो तर म्हणाली, "तुझ्याही डोक्याला लावतेच की." कोळी पोटाखालच्या फटींतून श्वास घेतो. तेल तिथे गेले तर गुदमरतो. थोडक्यात वाचली.

४. टक्कल आता काळे पडले आहे आणि तिने खाणे सोडले आहे. म्हणजे ती कात टाकणार, आणि नेमकी मी दवाखान्यात असताना. कात टाकताना ती उताणी पडते, पाय वर. माझी पहिली टॅरंटुला अशी पडली तेव्हा मेली समजून मी तिला तुळशीच्या कुंडीत पुरले. ती जिवंत होती हे मला दोन दिवसांनी वाचून कळले.

५. सांभाळायला कोणी तयार नाही. अमोलचा घरमालक ठेवू देत नाही, बाबांचे वर लिहिलेच आहे. म्हणून भानुमती मी आईला देतो.

आई म्हणाली, "मला भीती वाटते रे."

मी म्हणालो, मलाही.

पाण्याची वाटी भरलेली ठेवावी. खायला म्हणून आत रातकिडे टाकू नयेत, कात टाकताना तेच तिला चावतात. हात लावू नये.

"आणि दिवसभर हललीच नाही तर?"

थांबायचे.

"दुसऱ्या दिवशीही?"

आई, मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात. ती उताणी आहे तोवर थांबायचे. सगळे म्हणतील गेली, उचला. तू पेटीजवळून उठायचे नाहीस.

हा कागद मी स्वतः लिहिला, दोनदा तपासला, आणि दोघांसमोर सही केली.

सही: सुधन्वा उल्हास चौबळ

साक्षीदार:
१. नीला दामले, शेजारी
२. श्यामकांत रेगे, बाबांचे ऑफिसातले सहकारी

द्वारका, नवी दिल्ली
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५