पाठमोऱ्या पाट्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा जमेल तेवढं वाकून नमस्कार. (सध्या फार वाकता येत नाही, त्याचं कारण ओघाने येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? गच्चीवरच्या टाकीचं उडालेलं झाकण सापडलं का, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई अजून पहाटे कपाट सरकवतात का? इकडे आम्ही सगळे मजेत. भावोजी तर फारच मजेत. गोळी वेळेवर घेतात, दोन घास जास्त जेवतात, आणि हनुवटीला जे थोडं खरचटलंय ते दाढी वाढली की दिसणारही नाही. दाढी ते वाढवतायत. तेव्हा काळजीचं काही कारण नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

भावोजींना पाठवताना तू फोनवर बजावलं होतंस, की निवृत्त झाल्यापासून हा माणूस खुर्चीतून उठत नाही, विचारलं तर हूं म्हणतो, नाही विचारलं तर तेही म्हणत नाही. त्यांना समुद्राची हवा दे, बंदरापर्यंत फिरवून आण, पण तुझ्या बायकोच्या सायकलच्या वाऱ्यालाही उभं करू नकोस. मी हो म्हणालो होतो. मनापासून म्हणालो होतो. पण ताई, या गावात त्या सायकलचा वारा चुकवायचा तर खिडक्या बंद करून बसावं लागतं. पुढे समुद्र, पाठीशी डोंगर आणि दोघांनी मिळून चेपलेलं मधलं आमचं गाव. तुझी भावजय वर्गात भूगोल शिकवता शिकवता खिडकीतून त्या डोंगराकडे बघायची, आणि एक दिवस तिच्या मनाने घेतलं की लाकूडतोड्यांच्या नि शेळ्यांच्या जुन्या वाटा जोडल्या तर माथ्यावरून थेट वाळूपर्यंत सायकलने उतरता येईल. मग काय, दर सुट्टीला कोयता, फावडं आणि बेकरीवाले (हे आमचे शेजारी, देहाने भरदार आणि स्वभावाने त्याहून) असा लवाजमा वर जायचा. मी घरी बसून दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि संध्याकाळी तिच्या बुटांतला चिखल बघून हसायचो. आता हसत नाही.

वाटा तयार झाल्या. नवख्यांसाठी हिरवी, सरावलेल्यांसाठी निळी, आणि ज्यांनी घरी निरोप घेतलाय त्यांच्यासाठी काळी. काळी वाट कड्याच्या कडेकडेने जाते, खाली थेट लाटा. उद्घाटनाला लांबलांबून माणसं येणार म्हणून नगरपालिकेच्या समितीने शहरातून छापील पाट्या मागवायचं ठरवलं. तुझी भावजय भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली, पाट्या माझा नवरा रंगवेल, तोच लावेल, त्याच्या हातून चूक होत नाही. ताई, इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडावर ती असं कधी बोलली नव्हती. मी जीव ओतून पाट्या रंगवल्या. बाण असे काढले की बघणाऱ्याने नुसतं बघत राहावं. मग पिशवी खांद्याला लावून गावातून डोंगर चढत गेलो, प्रत्येक फाट्यावर खांब रोवला, पाटी ठोकली, चार पावलं मागे उतरून डोळे भरून पाहिली, आणि पुढे चढलो.

उद्घाटनाच्या सकाळी सायकली गाडीत घालून मागच्या रस्त्याने सगळे माथ्यावर गेलो. भावोजी बरोबर होते, केवळ बघायला. (पहिल्या वळणाला त्यांनी बेकरीवाल्यांची जास्तीची सायकल कोणाची आहे असं विचारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण ते हूंच्या पलीकडे बोलले याचाच मला इतका आनंद झाला, की मीच त्यांना शिरस्त्राण बांधून दिलं. चूक माझी आहे. त्यांची अजिबात नाही.)

ताई, याआधी मी माथ्यावर पोचलो होतो ते घामाने डोळे मिटलेल्या अवस्थेत. त्या दिवशी पहिल्यांदा कोरडा उभा राहून खाली पाहिलं. काय सांगू तुला! गाव पोस्टाच्या तिकिटाएवढं, आणि त्याच्या पुढे समुद्र सुरू होतो तो संपतच नाही. आपण किनाऱ्यावरून बघतो तो त्याचा नुसता पदर. वरून तो आख्खा दिसतो, ढगांच्या सावल्या अंगावरून नेत पडलेला. आणि या टोकापासून त्या पाण्यापर्यंत झाडांमधून एक रेघ वळत वळत गेलेली, माझ्या बायकोने हातांनी ओढलेली. शेजारी भावोजी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

तेवढ्यात माझी नजर माथ्यावरच्या पहिल्या पाटीकडे गेली, आणि मला तिची पाठ दिसली. कोरी, लाकडाची. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सायकलवाले डोंगर चढत नाहीत ताई, उतरतात! आयुष्यभर मी दुकानांच्या पाट्या लावल्या, येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. इथे येणारं गिऱ्हाईक म्हणजे मीच, घरून चढत आलेला. माझे सगळे सुंदर बाण गावाकडे तोंड करून उभे होते आणि उतरणाऱ्याला दिसणार होत्या नुसत्या फळ्या. थोडं खाली पहिलाच फाटा, जिथून हिरवी उजवीकडे जाते आणि काळी डावीकडे कड्यावर. आणि नवख्यांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, मी बांधून दिलेलं शिरस्त्राण घालून तुझा नवरा.

तुझी भावजय जमलेल्यांना सूचना देत होती. सगळ्यांसमोर तिला जाऊन सांगू काय, की तू ज्याची ग्वाही दिलीस त्याने माती खाल्ली? मी बेकरीवाल्यांची स्वतःची सायकल उचलली आणि सुटलो. सायकल मी शाळेत असताना चालवली होती, सपाटीवर. ही खाली निघाली आणि मी तिच्याबरोबर गेलो, एवढंच म्हणता येईल. दगड आले, मुळं आली, ओढा आला. एका ठिकाणी सायकल आणि मी वेगवेगळे गेलो आणि पुढे परत भेटलो. डोळ्यांत घाम आणि माती घेऊन फाट्याशी पोचलो आणि चाचपडत खांबाला पाठ टेकली, धापा टाकत. पाटी उलटी करायला हत्यार नव्हतं, वेळ नव्हता. वरून पहिल्या सायकलींचा आवाज येत होता. तेव्हा मी दोन्ही हात आडवे पसरले आणि स्वतःच पाटी झालो. हिरवी इकडे, काळी तिकडे!

सर्वांत पुढे ती होती. ताई, ती ज्या बाईशी माझं लग्न झालंय ती नव्हती. वळणावर सायकल आडवी झोपली, उठली, खडकावरून सुटली, आणि क्षणभर दोन्ही चाकं हवेत, खाली काही नाही, मागे सगळा समुद्र. माझ्याकडे एक नजर टाकली (कसली ते मला अजून कळलेलं नाही) आणि ती कड्याच्या वाटेने नाहीशी झाली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो, हात पसरलेलेच. मग बाकीचे आले, सगळे माझ्या बोटांप्रमाणे वळले, काही जण आभार मानून गेले. शेवटी भावोजी आले. किंचाळत आले. (किंचाळत नव्हते, गात होते.) त्यांना दिसलं एवढंच, की समोर मेहुणा हात पसरून उभा आहे. आपल्या लग्नकार्यांतसुद्धा ज्या माणसाने कधी कोणाला मिठी मारली नाही, तो उजवीकडे वळला नाही, डावीकडे वळला नाही, सरळ माझ्या मिठीत आला. सायकलसकट.

खांब हलला नाही, तेवढा मी पक्का रोवला होता. मी हललो. पण आम्ही दोघं पालापाचोळ्यात पडलेलो असताना भावोजी हसत होते, ताई. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू त्यांना शेवटचं असं हसताना कधी पाहिलंस, आठवून बघ.

तुझा,
धाकटा

ता.क. : अक्षर तू पाकिटावरच ओळखलं असशील. माझी दोन्ही मनगटं प्लॅस्टरमध्ये आहेत, म्हणून मी सांगितलं आणि भावोजींनी लिहिलं. कंसात त्यांनी कुठे कुठे स्वतःचं घुसडलंय असा मला संशय आहे. (नाही.)

ता.क. २ : मुद्द्याचं राहिलंच. भावोजींना हिरवी वाट पुरी करायची आहे. तुला फोन करायला ते घाबरतात. तर तू रागावून त्यांना परत बोलावण्याऐवजी बॅग भर आणि तूच ये. गुडघ्याची सबब नको, माथ्यापर्यंत गाडी जाते. एकदा तिथे उभी राहा, मग काय बोलायचं ते बोल. येताना त्यांची जाड विजार आण.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलंय म्हणून दोन ओळी. पाट्या उलट्या लागल्यात हे मी आदल्याच संध्याकाळी पाहिलं होतं. माथ्यावर एकच वाट, म्हणून तिथली पाटी सोडून प्रत्येक फाट्यावर पाटीच्या पाठीवर मी बाण काढून ठेवले होते, वाकडेतिकडे, पण कळण्यासारखे. पहिल्या फाट्यावरच्या बाणाला नेमकी हे पाठ टेकून उभे राहिले, म्हणून कोणाला तो दिसला नाही. हे सायकल घेऊन निघाले तेव्हा मी हाक मारणार होते. पण ज्यांना जिना उतरताना कठडा लागतो त्यांना त्या उतारावरून ब्रेक न दाबता जाताना पाहिलं आणि हाक मारायची राहूनच गेली. इतकी वर्षं मी ती वाट उतरते, तसं कोणाला उतरताना मी पाहिलेलं नाही. लोक अजून विचारतात, फाट्यावर हात पसरून उभे होते ते कोण. त्यांचे हात बरे झाले की पाट्या तेच फिरवतील, तोवर त्या फाट्यावर बेकरीवाले उभे राहतात. ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. बाकीच्या फाट्यांवरचे बाण नंतर काढले असं सांगेन; पहिल्या फाट्यावरचा मात्र मी काल ह्यांच्याच टर्पेंटाइनने पुसून आले.