एका कोपऱ्यापुरती जमीन

माय, गुंड घरी आला. परवा संध्याकाळी बाबा आणि मी इतवारीतून घेऊन आलो. रिक्षा करू म्हटलं तर बाबांनी ऐकलं नाही. ढगळ पायजमा, अंगात मिलचा सदरा आणि डोक्यावर बायकांसारखा पाण्याचा पितळी गुंड, असे ते भर बाजारातून चालत होते आणि मी मागून त्यांच्या चपला सांभाळत होते, कारण एका चपलेचा अंगठा वाटेतच तुटला. वस्तीच्या तोंडाशी पानवाला म्हणाला, "काय गा, आज तुह्याकडे पानी भराची पाळी काय?" बाबांना मागांच्या खडखडाटामुळे आता फारच कमी ऐकू येतं, आणि ज्याला ऐकू येत नाही तो मोठ्यानं बोलतो. ते ओरडले, "पानी नाही, गुंडच आनला! सोडवून आनला!" झालं. अख्ख्या वस्तीला कळलं की आपला गुंड गहाण होता आणि आता नाही. मला आधी लाजल्यासारखं झालं, मग हसूच आलं.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुझ्या लग्नातला तो गुंड, त्याच्या काठाखाली छिन्नीनं ठिपके ठिपके पाडून घातलेलं तुझं नाव. तुला वाचता येत नव्हतं, पण बोट फिरवून तू आपलं नाव ओळखायचीस. रेशनकार्डावर तुझं नाव चुकीचं आहे, दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'पेशंट' आहे. बरोबर लिहिलेलं असं ते एवढ्या एकाच जागी आहे, म्हणून मला तो गुंड हवा होता. पाणी आता प्लास्टिकच्या बादलीतही राहतं.

आणि त्याचा पोचा. मी नऊ वर्षांची होते. तुला न विचारता भरलेला गुंड नळावरून उचलला आणि चार पावलांवर दगडांवर टाकला. तू धावत आलीस. "आंधळी होय काय वं? तुह्या बापानं घेतला होता काय हा?" असं म्हणून पाठीत एक धपाटा घातलास. मग गुंड फिरवून फिरवून पाहिलास, पोच्यात हाताचा तळवा ठेवलास. मी रडतच होते. तू म्हणालीस, "पोचा पडला म्हनून वजन कमी होते काय? चाल, भर पुन्हा." तेव्हापासून पोच्याची बाजू तू भिंतीकडे करून ठेवायचीस, पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

तू गेल्यावर जे देणं राहिलं ते तुला सगळं ठाऊक नसेल, काही तर तू आधीच जाणून असशील. तुझ्या आजारपणाचे डॉक्टरांचे पैसे. शेजारच्या मावशीनं आपली भिशी उचलून दिलेले पैसे. किराणा दुकानातली उधारी, जी माझ्या कॉलेजच्या वर्षांत वाढतच गेली. ही तीन देणी मला माहीत होती. चौथं मला माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस गुंड जागेवर दिसला नाही. बाबा म्हणाले, पोचा काढायला दिला आहे. मी अभ्यासात होते, विश्वास ठेवला. पास झाले, आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी अर्ध्या वस्तीला पेढे वाटले, आणि नोकरीच्या अर्जासाठी पत्र्याच्या पेटीत कागद शोधताना मला इतवारीतल्या भांड्यांच्या शेठजीची गहाणाची पावती सापडली.

"बाबा, गुंड कुठं हाये?"

"ठोकाले दिला ना."

"दोन वर्षं झाले, ठोकूनच राहिले काय ते? आतापर्यंत त्याची परात झाली असन."

बाबांनी हातातली बिडी जमिनीवर चोळून विझवली. मग कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "तुही परीक्षेची फी भराची होती. तुले सांगतलं असतं तं तू बसलीच नसती परीक्षेले."

बसले नसते, हे खरं आहे. त्या दिवशी मी ठरवलं की आधी गुंड, मग माझं बाकी सगळं.

मला कचेरीत नोकरी लागली. पहिला पगार आणला आणि चार लिफाफे केले. माय, मी वाणिज्य शाखेची पदवीधर, आणि मनातून फार न्यायाची. या चौघांनी आपल्या वाईट दिवसांत आपल्याला हात दिला, तेव्हा कुणी आधी आणि कुणी नंतर असं व्हायला नको, चौघांना सारखं वाटून द्यायचं, असं मी बाबांना समजावून सांगितलं. बाबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते शेजारी जाऊन ओरडून सांगितलं. मिलपर्यंत ते पायी जाऊ लागले, बिडी अर्ध्यावर आणली, ओव्हरटाइमचे पैसे न मोजता माझ्या हातात देऊ लागले. वर्षभर मी दर महिन्याला चार दारं फिरले. शेठजीकडे जे जायचं त्यातलं बहुतेक व्याजातच विरायचं. किराण्यात एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं महिन्याचं सामान उचलायचं. वर्ष संपलं तेव्हा चारही देणी उभीच होती, थोडी वाकलेली, एवढंच.

मग एक दिवस किराणा दुकानाच्या वहीत मला बिडीबंडलांच्या नव्या उधारीच्या ओळी दिसल्या. घरी येऊन मी बोलले, नको तेवढं बोलले. बाबा म्हणाले, "कायले राहू मी बिन बिडीचा? संपते काय ते? चारी बाजूनं चार जन उभे, अन आपन मधात. एक तरी हटला काय, सांग!" त्याच आठवड्यात शेठजींनी निरोप पाठवला की, दिवाळीच्या आत हिशोब मिटवा, नाही तर भांडं मोडीत जाईल. मोडीत म्हणजे वितळायला. तुझं नाव, पोचा, सगळंच.

त्या दिवसांत मला संत्रा मार्केट आठवलं. माझी शाळेची सुट्टी होती आणि तू मला सोबत नेलं होतंस. काटोलकडून माल उतरला होता. माझ्या उंचीएवढा ढीग, आणि तुम्ही बायका त्याच्या भोवती बसून लहान, मोठं, डागी असं निवडत आहात. मी उत्साहानं जिथं हात पुरेल तिथून उचलते आहे, कधी वरून, कधी कडेनं. तासाभरानंही ढीग तेवढाच दिसतो, माझा चेहरा उतरतो. तू तोंडातला तंबाखू गालात सारतेस आणि म्हणतेस, "सगळ्या ढिगावर हात काहून फिरवून राहिली वं? एक कोपरा धर. खालची जमीन दिसू दे. जमीन दिसली का मंग हात आपोआप चालते." मी तुझ्या बाजूचा कोपरा धरते. थोड्या वेळात तिथं पसरलेल्या गवताखाली तळहाताएवढी फरशी दिसते, आणि खरंच, नंतर मला दुपारच्या भाकरीचीही आठवण राहत नाही.

एवढी साधी गोष्ट शिकायला मला एक पदवी आणि एक वर्ष लागलं. मी इतवारीत गेले आणि शेठजींना म्हटलं, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा, दर महिन्याचं व्याज आणून देईन. ते म्हणाले, "देखो बाई, एक महिना चुकला तर मी विचारणार नाही, भट्टीवर धाडून देईन." सगळ्यात मोठा धोका होता तिथलंच मुद्दल मी शेवटी ठेवत होते. डॉक्टरांना आणि दुकानदाराला समोर जाऊन सांगितलं की तुमची पाळी नंतर येईल. मग उरलेला सगळा पगार आणि बाबांचा ओव्हरटाइम मावशीकडे. तिचं देणं सगळ्यात लहान होतं. तिसऱ्या महिन्यात ते संपलं. मावशी पदराला पैसे बांधत म्हणाली, "फिटले म्हनून आता माह्या दारात येनं बंद करशीन काय वं? मंग ठेव थोडे बाकी." त्या संध्याकाळी बाबांनी सीताबर्डीहून चार संत्री आणली. डागी नव्हे, पेटीतली. तू आयुष्यभर घरी डागीच आणलीस, मार्केटमध्ये बायकांना तीच मिळायची. आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून खात होतो. बाबा म्हणाले, "याहिले चवच नाही. तुही माय आनत जाय ते गोड राहे." म्हणाले, पण साल आणि हात दोन्ही चाटत होते. दुसऱ्या दिवसापासून बिडीबंडल पुन्हा अर्ध्यावर आलं. मी काही म्हटलं नव्हतं.

किराणा त्यानंतर. मग डॉक्टर. डॉक्टरांना आपली जुनी वही सापडलीच नाही. म्हणाले, तू सांगशील तेवढे दे. मी माझ्या टिपणाप्रमाणे पै न पै दिले. बाबा बाहेर येताच म्हणाले, "थोडे कमी सांगाले काय झालं होतं तुले?" आणि रस्ताभर आपणच हसत राहिले. तेव्हा उन्हाळा होता, संत्री नव्हती, म्हणून टरबूज आणलं आणि मावशीलाही अर्धं दिलं.

एक महिना मात्र व्याज चुकता चुकता राहिलं. मिल बंद होती, माझा पगार लांबला होता. मावशीनं न विचारता पैसे पुढे केले. मी घेतले, आणि पगार होताच आधी तिचे दिले. पुन्हा तोच कोपरा, पुन्हा तीच फरशी.

शेवटी शेठजींचं मुद्दल. परवा त्याचा शेवटचा हप्ता दिला, तेव्हा शेठजींनी गुंड काट्यावर ठेवला, पावतीशी वजन ताडून पाहिलं आणि म्हणाले, "बघून घ्या, रत्तीभर कमी नाही." बाबांनी काठाखालच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्यांनाही वाचता येत नाही, पण त्यांचं बोट बरोबर तुझ्या नावाच्या शेवटी थांबलं.

गुंड आता बुद्धाच्या तसबिरीखाली, जुन्याच जागी आहे. सकाळी चिंचेनं घासला, नळावरून भरून आणला, यावेळी टाकला नाही. हे पत्र पेटीत त्या पावतीबरोबर ठेवीन. तिकिटाचे पैसे वाचले म्हणून तू खूशच होशील. फक्त एक सांगायचं राहिलं. काल बाबा म्हणाले, आता खरंच देऊ ठोकायला, पोचा काढून आणू, एकदम नवा दिसेल. मी म्हटलं, बाबा, सध्या तेवढे पैसे नाहीत.

माय, पैसे होते. आणि पोच्याची बाजू मी भिंतीकडे केलेली नाही.