कोरड्या लुगड्यांची परीक्षा

रवि. ८ नोव्हें. १९५९, दौंड
पुण्याहून परतले. होडीचं शिक्षण पुरं. रेल्वे क्लबची नवी होडी भीमेच्या डोहात आली आहे, आणि बायकांना शिकवायचं मी. खुटबावच्या धनगराची पोर, आप्पांनी मेंढरं धुताना नदीत ढकलून पोहायला शिकवलेली, ती आता 'बाई'! हे म्हणाले, "वल्हं धरून लाटणं विसरू नकोस म्हणजे झालं."
पुण्याच्या मास्तरांचा एक नियम फार कडक. ज्या कपड्यांत होडीत बसायचं, त्याच कपड्यांत आधी मुद्दाम पाण्यात पडायचं, होडीचा काठ धरून तरंगायचं. तेव्हा निळी फीत. फीत नाही तर होडी नाही.

मंगळ. १०
होडी वाळूवर ओढून सराव. मधोमध बसायचं, उभं राहायचं नाही, जागा बदलायची तर बसूनच सरकायचं. वरवंडची सरू उभी राहिलीच, आणि बदकन वाळूत. हसून हसून पोट दुखलं.
जुबेदाभाभी सगळ्यांत तरबेज. ह्यांच्याच इंजिन शेडमधल्या फिटर शेखभाईंची बायको. डोक्यावरचा पदर जराही ढळू न देता वल्हं मारते. मी सगळ्यांदेखत कौतुक केलं.

शनि. १४
आज पाण्यात पडायचा दिवस. काठावर निम्मी रेल्वे कॉलनी! पुरुष विड्या ओढत बसलेले, जशी काही जत्राच. पहिली पाळी जुबेदाभाभीची. पाण्याशी गेली, थांबली, माझ्याकडं बघितलं.
"बाई, पडायचं काय न्हाई. पर भिजल्या लुगड्यानं ह्या समद्यांम्होरं वर कशी येऊ?"
मला पुणं आठवलं. अंगाला चिकटलेलं पातळ, वर चढताना कुणीतरी मारलेली शिट्टी. मान खाली घालून म्हणाले, "राहू द्या. उद्या पहाटे करू."
सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

सोम. १६
काल पहाटे कोणीच आलं नाही. मीही गेले नाही. क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांना सांगून टाकलं, पहाटे उरकलं, सगळ्या पडल्या, सगळ्या तरल्या. बायकांनाही तेच सांगायला सांगितलं. साहेब खूश. फिती मीच टाचल्या प्रत्येकीच्या पदराला.
एवढ्याशानं काय होतंय.

रवि. २२
आजचं आजच लिहून ठेवते.
पहिली सहल. सरू, जुबेदाभाभी, मी. सरूचा डबा घसरला, धरायला ती उठली. होडी कलंडली. सरूनं काठ धरला. जुबेदाभाभीलाही होडी हाताशी होती. पण ती एका हातानं पाणी मारत होती आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरून... मी ओरडले, "पदर सोडा, होडी धरा!" सोडला नाही. लुगडं पायांत गुंडाळलं, गेली खाली.
बुडी मारली, वेणी हाताला लागली. काठावर आणली तेव्हा शुद्ध नव्हती. आता दवाखान्यात आहे. श्वास चालू आहे. देवा.

मंगळ. २४
शुद्धीवर आली. छाती भरलीय, ताप आहे.
गावभर माझंच कौतुक! साहेब म्हणाले, "तुम्ही होता म्हणून निभावलं. शिकूनसवरून ती पदर धरून बसली, त्याला तुम्ही काय करणार? रविवारी घाटावर तुमचा सत्कार. बायकांचा वर्ग मात्र बंद करावा म्हणतो."
मी मान डोलावली.
शेखभाई बायकोवरच चिडलेत. "फीत लावून मिरवत व्हती, आन् ऐन वक्ताला अक्कल गेली." हे मी उभ्यानं ऐकून घेतलं. माझी मला शिसारी येते.

शुक्र. २७
ती घरी आली. भेटायला गेले, तर मलाच म्हणते, "सत्काराला नवं पातळ घ्या, बाई."
मग राहवलं नाही. सगळं बोलले. सराव घेतला नाही, वर खोटं सांगितलं, चूक तुमची नाही, माझी. ती उशीला टेकून ऐकत होती.
"तवा मी तुमच्याकडं बघितलं, ते सुटका करा म्हनून न्हवं. हाताला धरून न्याल, न्हाईतर ढकलाल, म्हनून थांबले व्हते. तुम्हीच मान खाली घातली."
घरी येऊन रडले.

रवि. २९
घाटावर तीच माणसं. साहेबांच्या हातात हार. मी आधी बोलते म्हटलं आणि सगळं सांगितलं. शेखभाईंचं नाव घेऊन सांगितलं, तुमच्या बायकोला दोष देऊ नका. साहेबांनी हार टेबलावर ठेवला. वर्गाचं काय ते नंतर ठरवू म्हणाले.
मग नव्या पातळासकट पाण्यात उतरले. होडी उलटी केली, काठ धरला, तरंगले. वर येताना शिट्टी आलीच. लाज वाटली, नाही कसं म्हणू? पण आठवडाभर जी वाटत होती तिच्यापेक्षा ही परवडली.
वर टांगा उभा होता. आत शाल पांघरून जुबेदाभाभी. शेखभाई जाऊन शेजारी बसले, माझ्याकडं बघितलं नाही. ती उतरली नाही. टांगा थोडा पुढं जाऊन थांबला, टांगेवाला उतरून परत आला आणि माझ्या ओल्या हातात तिची निळी फीत ठेवली.
"भाभी म्हनल्या, तुमच्यापाशीच ठेवा."
कायमची, की भाभी स्वतः पाण्यात पडून ती मिळवायला येईपर्यंत? टांगेवाल्याला काय विचारणार!
फीत पातळाशेजारी दोरीवर वाळत घातली आहे. उद्या घाटावर जाऊन बसणार. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर, सगळे असतात तेव्हा.